भिडे पूल पाण्याखाली

जुलै लागला की पुण्यात ही बातमी ठरलेली असते. खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या नागरिकांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे. सोबत गढूळ पाण्याचा फोटो, एक आकडा आणि आकड्यापुढे 'क्युसेक'. आपण कामावर कुठल्या पुलावरून जायचं तेवढं बघतो आणि अंगठ्यानं बातमी वर ढकलून देतो.

मी कथा लिहिते. निदान लिहायचा प्रयत्न करते. लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'काही सुचत नाहीये'. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: पेपर वाच, आपल्या गावचा इतिहास वाच, विषयांचा खच पडलाय. सल्ला खरा आहे. पण खच पडलाय म्हणून तो कसाही उचलायचा नसतो, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. ते कसं कळलं, ते सांगते.

२५ जुलै २०२४. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता आणि धरणातून पाणी सोडलं होतं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असतानाच पाणी घरांत शिरलं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. दिवसभर फोनवर तेच होतं. संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला आणि दोन रात्रींत कथा लिहून काढली. पाऊस, अंधार, गाडीवरची अंडी, तवा, तारेची ठिणगी. 'अंडी फुटली नव्हती' असं शेवटचं वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं.

रविवारी मी ती आजीला वाचून दाखवली. आजी ८५ वर्षांची. ऐकताना ती एकदाही मध्ये बोलली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "गाडी पहाटे का हलवत होती गं ती पोरं?"

मी म्हटलं, "पाणी वाढत होतं ना."

"ते झालंच. पण जीव सोडून गाडी का?"

माझ्या कथेत याचं उत्तर नव्हतं. मी तो प्रश्न विचारलाच नव्हता. माझ्या कथेत गाडी होती ती ठिणगी पडायला हवी म्हणून. आजी म्हणाली, "गाडी गेली तर दुसऱ्या दिवशी खायचं काय? ते आधी लिही, मग बाकीचं." आणि मग, बऱ्याच वेळानं: "आम्ही वाडीतच राहायचो."

हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे अर्धवट माहीत होतं. मी गोखलेनगरकडच्या पूरग्रस्तांच्या वसाहतीत वाढले. लहानपणी 'पूरग्रस्त' हा शब्द मी पाट्यांवर इतक्यांदा वाचला होता की त्याला काही अर्थ असेल असं वाटतच नसे. 'लक्ष्मीनारायण', 'स्वामीकृपा' असतं तसंच 'पूरग्रस्त'. पुढे कळलं, पानशेतच्या पुरातले. पण पानशेतच्या आधी कुठले, हे मी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. आमच्या घराचा इतिहास १९६१ नंतर सुरू होत होता.

ती कथा मी त्या रात्री बाजूला ठेवली. मग मी जे करायला हवं होतं ते उशिरा सुरू केलं: वाचायला लागले.

*

आता थोडा इतिहास सांगते. तो पुण्यातल्या जुन्या माणसांना पाठ असतो आणि आपल्या पिढीला 'आजोबा सांगायचे' एवढाच माहीत असतो.

पुण्याला पाणी देणाऱ्या धरणांपैकी खडकवासला सगळ्यात जुनं, १८७९ मध्ये पुरं झालेलं दगडी धरण. पुढे ते पुरेना म्हणून त्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर, पानशेतला मातीचं धरण बांधायला घेतलं. मातीच्या धरणाच्या तळातून पाणी बाहेर काढायला एक बोगद्यासारखा नळ असतो, त्याला दारं असतात. १९६१ च्या पावसाळ्यात पानशेतमध्ये पहिल्यांदाच पाणी साठवलं, तेव्हा या दारांचं काम पुरं झालेलं नव्हतं. नळाच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या नव्हत्या. पाऊस मात्र पुरा होता. अर्धवट उघड्या दारातून पाणी प्रचंड जोरानं धावू लागलं, नळाला हादरे बसले आणि त्याच्या वरची माती खचू लागली.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान धरणावर होते. भर पावसात, अंधारात, खचत चाललेल्या बांधावर ते वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही. पण ते रात्री फुटलं नाही. १२ जुलैला, बुधवारी सकाळी फुटलं. हे काही तास फार मोठे होते. रात्री दोन वाजता झोपेत पाणी येणं आणि दिवसाउजेडी जागेपणी पाणी येणं, यातल्या फरकानं किती माणसं जगली याची मोजदाद कुठल्याच वहीत सापडणार नाही. जगलेल्या माणसांची यादी करायची पद्धत नसते.

पानशेतचं पाणी खडकवासल्यावर आदळलं. त्या म्हाताऱ्या दगडी भिंतीनं काही तास तग धरला आणि मग तीही फुटली. शहरातले बहुतेक पूल पाण्याखाली गेले. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार, नदीकाठच्या सगळ्या पेठांत पाणी शिरलं, मातीचे वाडे साखरेसारखे विरघळले. अलीकडच्या काठावर डेक्कनच्या खालच्या भागात तेच. आणि लकडी पुलाच्या पायथ्याशी, पुलावरूनच नाव पडलेली पुलाची वाडी. ती तर पात्राच्या कडेलाच.

या पुलाचं नावसुद्धा एक गोष्टच आहे. तो दगडी आहे, कागदोपत्री संभाजी पूल आहे, तरी सगळे त्याला लकडी पूल म्हणतात. मूळचा लाकडी पूल पेशव्यांनी १७६१ मध्ये बांधला. पानिपतात हरून परतणाऱ्या सैनिकांना गावातून मान खाली घालून यावं लागू नये म्हणून तो घाईनं उभारला, असं पुण्यात सांगतात. खरं असो नसो, एका शहरानं आपल्या पुलाबद्दल ही गोष्ट जपून ठेवावी, यातच त्या शहराबद्दल बरंच काही येतं. बरोबर २०० वर्षांनी त्याच जागी पाणी आलं. त्याच्याही गोष्टी झाल्या. पण कुणाच्या जपल्या गेल्या आणि कुणाच्या नाहीत, हा प्रश्न मला आजीच्या एका वाक्यानंतर पडला.

*

वाचता वाचता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मराठी बातमीला 'करण्यात आलं' फार आवडतं. पाणी सोडण्यात आलं. इशारा देण्यात आला. नागरिकांना हलवण्यात आलं. शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण कर्ता शोधायचो: 'कोणी?' असा प्रश्न विचारा, येईल तो कर्ता. बातमीला हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा काहीच येत नाही. पोती कोणी टाकली? पाणी साठवायचं कोणी ठरवलं? नागरिकांना हलवण्यात आलं म्हणजे कोण कोणाला म्हणालं 'चला', आणि निघताना हातात काय घेतलं?

सरकारलाही 'कोणी?' हा प्रश्न पडला होता. चौकशी आयोग नेमला. न्यायमूर्ती बावडेकरांकडे काम दिलं. चौकशी चालू असतानाच त्यांनी आत्महत्या केली. मग न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगानं ते काम पुढे नेलं. हे वाचलं तेव्हा माझ्यातली विषय शोधणारी बाई ताडकन उठून बसली. एक न्यायाधीश, एक फुटलेलं धरण, एक मृत्यू! पण आता मला अंडाभुर्जीची गाडी आठवत होती. त्या माणसाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही, आणि ते कल्पनेनं भरून काढायचा मला काही अधिकार नाही. त्यांचा मृत्यू हे सत्य आहे, मी बनवलेलं कारण ही अफवा ठरली असती. विषय दिसला म्हणजे तो आपला झाला, असं नसतं.

मग दुसऱ्यांनी हे कसं केलं, ते बघू लागले. पुण्यातलंच उदाहरण घ्या. १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या राज्यात तेलंगी ब्राह्मणांना एका कोठडीत कोंडलं गेलं. त्यातले कित्येक गुदमरून मेले. लोक खवळले आणि घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. आजच्या भाषेत ही दोन दिवसांची 'लोकल न्यूज'. १८१ वर्षांनी, १९७२ मध्ये, विजय तेंडुलकरांनी त्यावर नाटक लिहिलं आणि पुण्याच्या पीडीएनं जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली ते केलं. हे ऐतिहासिक नाटक नाही असं तेंडुलकर सांगत. त्यांना कोतवाल किती दुष्ट होता यात फारसा रस नव्हताच. त्यांचा प्रश्न होता: या माणसाला कोतवाल कोणी केलं? हा प्रश्न विचारताच गोष्ट घाशीरामाकडून नाना फडणवीसाकडे सरकली, आणि नाटक १७९१ मधून १९७२ मध्ये आलं. त्यावर एवढं वादळ उठलं तेही म्हणूनच.

किंवा विश्वास पाटलांची 'झाडाझडती' घ्या. धरणात गाव गेल्याची बातमी एका ओळीची असते. पाटील त्या ओळीच्या मागे गेले आणि उठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं यावर जाडजूड कादंबरी लिहिली. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'झाडाझडती'मुळे मला पानशेतची दुसरी बाजू दिसली. धरण फुटलं म्हणून आम्ही पूरग्रस्त. पण धरण बांधलं तेव्हा आंबीच्या खोऱ्यातली गावं उठवली गेली होती. ते धरणग्रस्त. एकाच पाण्यानं वरची माणसं आधी उठवली आणि मग खालची. पुण्यात पुराच्या आठवणी निघतात तेव्हा खोऱ्यातल्या त्या गावांचं नाव फारसं कोणी घेत नाही. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. फक्त तिकडे जाऊन, बसून, ऐकून मग घ्या.

*

आता आजीकडे येते.

मी तिला सरळ विचारलं नाही. सरळ विचारलं की जुनी माणसं पुस्तकासारखी बोलतात. 'फार पाणी आलं, सगळं गेलं.' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं. त्यात आत शिरायला दार नव्हतं. मग मी वस्तूंपासून सुरुवात केली. तुझ्याकडे त्या दिवशी काय होतं?

"डबा," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात ओट्याखाली एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात रद्दी पिशव्या असतात. मी तो जन्मापासून बघत आले. त्या बुधवारी सकाळी आजी, तेव्हा २२ वर्षांची, ज्वारी दळायला वरच्या अंगाच्या गिरणीवर गेली होती. आजोबा एका छापखान्यात कंपोझिटर होते, ते कामावर गेले होते. दळण होईपर्यंत खाली ओरडा सुरू झाला. ती खाली धावली तर लोक वर धावत येत होते. वाडीच्या जागी पाणी होतं. संसारातलं जे काही वाचलं ते म्हणजे तिच्या अंगावरचं लुगडं आणि गरम पिठाचा हा डबा.

रात्री वरच्या भागातल्या एका शाळेत माणसं जमली. संध्याकाळी आजोबा शोधत शोधत तिथं आले. वाडीतली आणखी चार-पाच घरं भेटली. पीठ होतं. तीन दगडांची चूल झाली. कुणीतरी परात दिली, कुणीतरी तवा. आणि मग लक्षात आलं की पीठ भिजवायला पाणी नाही.

मी इथं थांबले, कारण हे मला कुठल्या बातमीत दिसलं नव्हतं. पण हिशेब सरळ आहे. खडकवासला फुटलं म्हणजे शहराला पाणी देणारं धरणच गेलं. नळ कोरडे पडले. सगळं शहर पाण्यानं भरलेलं आणि एक भाकरी भिजवायला तांब्याभर स्वच्छ पाणी नाही. लोक जुन्या विहिरींकडे वळले. वर्षानुवर्षं कचरा टाकून विसरलेल्या विहिरींवर दोर-बादल्या आल्या.

शाळेपासून जवळ एका बंगल्याच्या आवारात विहीर होती. आजी कुणाची तरी कळशी घेऊन रांगेत उभी राहिली. कडेवर डबा. "डबा शाळेत कुठं ठेवणार? पीठ गेलं असतं." विहिरीपाशी बंगल्यातल्या बाई उभ्या होत्या. लोकांना पाणी काढू देत होत्या. पुढच्या प्रत्येकीला विचारत होत्या, "कुठल्या तुम्ही? कोणाकडच्या?"

आजी इथं गप्प झाली. मी विचारलं, "मग?"

"असं विचारतात तेव्हा गाव नाही विचारत गं," ती म्हणाली.

गिरणीत डबे बदलू नयेत म्हणून डब्यावर नाव घालायची पद्धत असते. आमच्या डब्यावर आजोबांनी स्वतः पांढऱ्या ऑइल पेंटनं नाव घातलं होतं, छापखान्यातल्या माणसाचं अक्षर, मोठं आणि वळणदार. पूर्ण नाव, आडनावासकट. रांग पुढे सरकली तसा आजीनं डबा फिरवला आणि नावाची बाजू पोटाशी धरली. बाईंनी विचारलं तेव्हा तिनं गिरणीवाल्याचं आडनाव सांगितलं.

पाणी मिळालं.

हे १९६१ साल. महाडला चवदार तळ्यावर माणसं पाणी प्यायली त्याला ३४ वर्षं झाली होती. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा येऊन सहा. आजोबा १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते, त्याला पाच. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, ती त्या सकाळी पाण्यात गेली. आजोबांनी ते नाव डब्यावर एवढं मोठं का घातलं असेल, हे मला आता कळतं. आणि आजीनं ही गोष्ट त्यांना कधीच का सांगितली नाही, तेही.

"त्यांना कळलं असतं तर त्यांनी ती भाकरी खाल्ली नसती," ती म्हणाली. "दिवसभर उपाशी होते. पुरातून चालत आले होते."

मी तिला विचारलं, खरं आडनाव सांगितलं असतंस तर त्या बाईंनी पाणी दिलं नसतं का? आजीनं बराच विचार केला. "दिलंही असतं. मला काय माहीत? मी सांगितलंच नाही ना." मग म्हणाली, "म्हणून तर ते राहिलं मनात. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी विसरले असते."

*

गेल्या साठ वर्षांत या पुरावर जे काही छापलं गेलं, त्यात हा क्षण मला कुठे दिसला नाही, आणि दिसेल तरी कसा? यात काहीच घडलेलं नाही. कोणी अडवलं नाही, कोणी ओरडलं नाही, पाणी मिळालं, भाकरी झाली. आयोगापुढे सांगण्यासारखं काही नाही. बातमी व्हायला काहीतरी घडावं लागतं. गोष्ट मात्र जे घडेल या भीतीनं माणूस वागतो, त्यातही असते. डबा किती अंशांत फिरवला, एवढ्यात.

मी आधी समजत होते की स्थानिक बातमीतून विषय घ्यायचा म्हणजे तिच्यातली भडक गोष्ट उचलायची आणि तिला शब्दांचा साज चढवायचा. आता माझी पद्धत साधी झाली आहे. बातमीत कर्ता नसलेलं क्रियापद शोधायचं आणि विचारायचं, कोणी? मग त्या जागेचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, इथं याआधी काय झालं होतं? नावं फार जपून ठेवतात. पुलाची वाडी, पूरग्रस्त वसाहत, लाकूड नसलेला लकडी पूल. मग आकडा समजून घ्यायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या २८० टाक्या, दर सेकंदाला. हे डोळ्यांपुढे आलं की 'इशारा देण्यात आला आहे' हे वाक्य नुसतं सरकवता येत नाही. जुने पेपर मिळाले तर मोठे मथळे सोडून कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती वाचायच्या. पुणे नगर वाचन मंदिरासारखी १८४८ पासूनची ग्रंथालयं आपल्या शहरात आहेत, आणि आपण मात्र विषय सुचत नाही म्हणून छताकडे बघत बसतो.

आणि शेवटी माणूस. त्याला 'तेव्हा काय वाटलं' असं विचारायचं नाही. हातात काय होतं, ते विचारायचं.

पण याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. मी आजीला विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, लिही, पण बंगला कुठला ते लिहू नकोस. "त्या बाईनं पाणी दिलं होतं मला. तिचं नाव कशाला खराब करतेस?" म्हणून मी रस्ता लिहिलेला नाही, शाळाही लिहिलेली नाही. आमचं आडनावही लिहिलेलं नाही. ते मात्र आजीच्या सांगण्यावरून नाही. ते वाचल्यावर तुम्ही ही गोष्ट वेगळी वाचाल की काय, ही भीती माझी आहे. म्हणजे ६० वर्षांनी मीही डबा फिरवलाच. हे इथं कबूल करून टाकते.

पुढचं थोडक्यात. पुरानंतर पुनर्वसनाचं मोठं काम स. गो. बर्वे यांच्याकडे आलं. आधी पत्र्याच्या अर्धगोल खोल्या मिळाल्या, सगळे त्यांना 'निसन हट' म्हणत. मग वसाहती आल्या, सहकारी संस्था आल्या. पानशेत पूरग्रस्तांच्या अशा १०३ संस्थांच्या जमिनीच्या मालकीहक्काची बातमी अजून अधूनमधून पेपरात येते. धरण फुटलं ते काही तासांत, त्या पुरातून सातबाऱ्यापर्यंत पोचायला मात्र दोन पिढ्या लागल्या. आमच्याकडे त्या बातमीचं कात्रण कुणीतरी कापून ठेवलंय. ते कुठं ठेवलंय ते ओळखा. ओट्याखाली, डब्यात.

वाडी मात्र रिकामी राहिली नाही. काही लोक परत गेले, काही नवे आले. डेक्कन जवळ, कामं जवळ, गाडी लावायला जागा जवळ. २०२४ च्या त्या पहाटे तिथं गाडी का होती, याचं उत्तर या ६३ वर्षांत आहे. माझ्या दोन रात्रींच्या कथेत ते कुठून येणार? ती कथा मी पुन्हा लिहिलेली नाही. त्या तिघांच्या घरी माणसं आहेत. ती गोष्ट आधी त्यांची आहे. त्यांनी कधी सांगितली आणि लिही म्हणाले, तर बघू.

परवा पुन्हा पाऊस लागला. संध्याकाळी फोन वाजला. विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली. मी आजीला वाचून दाखवलं. तिनं आकडा विचारला, मी सांगितला.

"वाडीतली माणसं हलवली का?"

मी खाली सरकवून बघितलं. "हलवण्यात आली आहेत, असं लिहिलंय."

"कोणी हलवली? कुठल्या शाळेत ठेवलीत?"

बातमीत ते नव्हतं. डेक्कन आमच्या घरापासून स्कूटरवर १५ मिनिटं. आजीनं डब्यातल्या पिशव्या काढून बाजूला ठेवल्या, डबा फडक्यानं आतून पुसला आणि विचारलं, तिकडे पाणी आहे का प्यायला, ते आधी बघ. मी रेनकोट चढवला.